चर्चची नवी इमारत : वर्गणी, हातउसने की बँकेचं कर्ज?

गोदाकाठ

जय ख्रिस्त मंडळी, आणि इतर सगळ्यांना नमस्कार.

आमची सीएनआयची (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. नव्वदेक कुटुंबं. त्यातली वीस-बावीस घरं शिक्षक, नर्सबाया, एसटीतले आणि निवृत्त लोकांची. बाकी गवंडीकाम, शेतमजुरी, छोटी दुकानं. चर्च मिशनच्या काळातलं. भिंती दगडी, वर सागवानी कैच्या (छताचे त्रिकोणी सांगाडे) आणि मंगलोरी कौलं. कैच्यांना वाळवी लागलीय. पावसाळ्यात पुलपिटाच्या (उपदेशाच्या व्यासपीठाच्या) डाव्या बाजूला बादली ठेवावी लागते आणि शास्त्रपाठ चालू असताना तिच्यात टपटप चालू असते. नाताळला आणि ईस्टरला निम्मी माणसं बाहेर मांडवात बसतात.

पंच कमिटीने नवी इमारत बांधायचं ठरवलं. इंजिनिअरने अंदाजपत्रक दिलं ९५ लाखांचं. गेल्या काही वर्षांत इमारत निधीत ३१ लाख जमलेत. उरलेल्या ६४ लाखांसाठी कमिटीचा प्रस्ताव असा : ४० लाख बँकेकडून आणि २४ लाख सभासदांकडून बिनव्याजी हातउसने, तीन वर्षांत परत. पुढच्या महिन्यात सर्वसाधारण सभा आहे. मी कमिटीत नवीन आहे आणि सहीचा कागद माझ्यापुढेही येणार.

एक गट म्हणतो, कर्ज काढून देवाचं घर बांधणं म्हणजे अविश्वास. दुसरा म्हणतो, थांबलो तर सिमेंट-सळईचे भाव हातात राहणार नाहीत. ज्यांनी अशा कामात हात घातलाय त्यांनी सांगावं. इतर धर्मीयांनीही सांगावं. देऊळ, विहार, मशीद बांधतानाही हेच प्रश्न पडत असणार.

नगरी_मिरची

बाकी सगळं नंतर. आधी सांगा, जागा कोणाच्या नावावर आहे?

गोदाकाठ

@नगरी_मिरची, मालमत्ता पत्रकावर अजून जुन्या मिशनचंच नाव आहे. १९७० साली नागपुरात सहा वेगवेगळ्या चर्चेस एक होऊन सीएनआय झाली, तेव्हा मालमत्ता तिच्या ट्रस्ट असोसिएशनकडे (मालमत्ता सांभाळणाऱ्या संस्थेकडे) जायला हवी होती. कागदावर ते कधी उतरलंच नाही. स्थानिक मंडळीच्या नावावर काहीच नाही.

नगरी_मिरची

मग बँकेचा विषय तिथेच संपला. गहाण काय ठेवणार, कौलं? आमच्या शेजारच्या मंडळीने असाच प्रस्ताव नेला होता. मॅनेजर सज्जन माणूस होता, चहा पाजला आणि म्हणाला, "पाळकसाहेब, उद्या हप्ते थकले तर चर्चला कुलूप लावायला मी येऊ का?" जप्ती करता येत नाही त्या वास्तूवर कुठलीही बँक पैसे देत नाही. दिले तर पंचांची वैयक्तिक जामीनकी मागते. तुम्ही सही करणार आहात ती नेमकी कशावर, ते आधी वाचा.

कलमबहाद्दर

धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात माझी निम्मी वकिली गेली आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० चं कलम ३६-अ (३) बघा. विश्वस्ताने न्यासासाठी पैसे उसने घ्यायचे, गहाण ठेवून किंवा अन्य कुठल्याही रीतीने, तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. ही 'अन्य कुठलीही रीत' लोक विसरतात. सभासदाकडून घेतलेले बिनव्याजी ५० हजारसुद्धा त्यात येतात. "आपल्याच माणसाकडून तर घेतले" हे उत्तर आयुक्तांपुढे चालत नाही. परवानगीच्या अर्जाला ठराव लागतो, अंदाजपत्रक लागतं, परतफेडीचं वेळापत्रक लागतं. तुमची मंडळी स्वतंत्र नोंदलेली नसेल आणि न्यास वेगळाच असेल, तर अर्ज त्या न्यासाने करायचा. पंच कमिटीला तो अधिकारच नाही. म्हणजे धर्मप्रांताच्या (बिशपांच्या) कार्यालयातून सुरुवात करा.

दुसरं, रोख. २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम कर्जाऊ म्हणून रोखीने घेता येत नाही, आणि परतही रोखीने करता येत नाही. दंड जेवढी रक्कम तेवढा. आपल्याकडे उपासनेनंतर खजिनदाराच्या हातात रुमालात गुंडाळलेले ३० हजार ठेवून "लिहून घ्या हो" म्हणणारी माणसं असतात. चेक किंवा बँक ट्रान्सफर, तिसरा मार्ग नाही.

तिसरं. काही ठिकाणी 'बँकेपेक्षा एक टक्का जास्त व्याज देऊ' म्हणून सभासदांकडून ठेवी गोळा करायची टूम निघते. त्या वाटेला जाऊ नका. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा २०१९ चा कायदा आहे, ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा राज्याचा १९९९ चा कायदा आहे. आपला व्यवहार त्यांच्या कक्षेत येत नाही हे कोर्टात सिद्ध करत बसायची पाळी चर्चवर का आणायची?

निवृत्त_पाळक

सलाम. कर्ज काढणं हे पाप आहे का, यावर मी सेवेत असताना इतकी भांडणं सोडवली आहेत की आता कान बधिर झालेत. 'कोणाच्या ऋणात राहू नका' हे रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायातलं वचन एक गट फेकतो. दुसरा गट म्हणतो, मग तुमचं गृहकर्ज? दोघांनाही मी लूकच्या चौदाव्या अध्यायाकडे नेत असे : बुरूज बांधायचा तर आधी बसून खर्चाचा अंदाज कोण करत नाही? पाया घालून काम अडलं तर बघणारे हसतात.

पण या विषयावर पवित्र शास्त्रातला सर्वांत उपयोगी अध्याय कोणी वाचत नाही. दुसरे राजे, अध्याय बारा. योआश राजाने मंदिराच्या डागडुजीसाठी पैसे जमवायला याजकांना सांगितलं. राजाच्या कारकिर्दीचं तेविसावं वर्ष आलं तरी डागडुजी झालेली नव्हती, आणि पैसे तर येतच होते! मग यहोयादा याजकाने एक पेटी घेतली, झाकणाला भोक पाडलं आणि वेदीजवळ ठेवली. पेटी भरली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक, दोघं मिळून मोजत आणि रक्कम थेट सुतार, गवंडी, पाथरवटांच्या मुकादमांना देत. याजकांच्या हातातून पैसा काढून घेतला, हे त्यातलं महत्त्वाचं. मी स्वतः पाळक होतो तरी सांगतो, इमारत निधीच्या चेकवर पाळकाची सही नसावी.

त्याच अध्यायात पुढे असंही आहे की मुकादमांकडून हिशेब मागत नसत, कारण ते सचोटीने वागत. हे वचन मात्र खजिनदारांना तोंडपाठ असतं.

मीच_तो_थॉमस

सगळे घाबरवतच आहेत, म्हणून दुसरी बाजू मांडतो. आमच्या वडिलांच्या पिढीने "पैसे जमले की बांधू" म्हणत तीस वर्षं काढली. पैसे जमले नाहीत, कारण समोर काही दिसत नसेल तर माणूस देत नाही. काम सुरू झालं, कॉलम वर आले, की हात आपोआप खिशात जातो. थोडं कर्ज असलं तर शिस्तही येते. आणि भाववाढ? दरवर्षी खर्च वाढतोच आहे. घर, गाडी, पोरांचं शिक्षण, सगळं हप्त्यावर, आणि चर्च म्हटलं की एकदम दारिद्र्याचं व्रत?

हिशेबनीस

थॉमसभाऊ, भाववाढीचा मुद्दा सगळीकडे ऐकते, म्हणून आकडे मांडूनच बघू.

४० लाख, ११ टक्के, १० वर्षं. हप्ता येतो महिना सुमारे ५५,१००. एकूण परतफेड ६६ लाखांच्या वर, म्हणजे निव्वळ व्याज २६ लाख. आता भाववाढ वर्षाला ६ टक्के धरा. ४० लाखांचं काम एक वर्ष पुढे ढकललं तर २ लाख ४० हजारांनी महागतं. त्याच ४० लाखांवर पहिल्या वर्षाचं व्याज ४ लाखांच्या पुढे जातं. बांधकामाचा खर्च कर्जाच्या व्याजदरापेक्षा जोरात वाढत असेल तरच 'आत्ताच कर्ज काढा' हे गणित सुटतं. एरवी तुम्ही घाईची किंमत देता. ती द्यायची असेल तर खुशाल द्या, छत अंगावर पडायला आलं असेल तर द्यायलाच हवी. पण बचत होते म्हणून देतोय असं म्हणू नका.

आता धागाकर्त्यांना विचारते : तुमचं महिन्याचं अर्पण आणि दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग) मिळून किती येतं? त्यातून पाळकांचा पगार, धर्मप्रांताचा वाटा, वीजबिल, सेक्स्टनचं (चर्चची देखभाल करणाऱ्याचं) मानधन वजा करून किती उरतं? ५५ हजार नव्वद घरांत वाटले तर घरटी ६१२ रुपये होतात आणि आकडा सोपा दिसतो. पण नव्वद घरं देत नाहीत. जी वीस-बावीस घरं पगारदार आहेत तीच देतात, आणि त्यातली निम्मी पुढच्या दहा वर्षांत निवृत्त होऊन मुलांकडे पुण्याला जातील. हप्ता मात्र गावातच राहील.

हातउसन्यांचं तर मला जास्तच भय वाटतं. बँकेला निदान तारीख असते. इथे एखाद्या काकांनी दिलेले दोन लाख त्यांच्या बायपासच्या वेळी परत मागितले आणि खात्यात पैसे नसले, तर पुढच्या रविवारी ते कुटुंब कुठल्या चर्चमध्ये बसेल?

गोदाकाठ

@हिशेबनीस ताई, सरासरी ७२ हजारांच्या आसपास येतात आणि सगळं वजा जाता दहा-बारा हजार उरतात. नाताळच्या महिन्यात जास्त. हे असं लिहून काढल्यावर माझंच डोकं गरगरलं.

मोगरा७७

आमच्याकडे इमारत झाली, कर्जाशिवाय झाली, सुंदर झाली. तरीही त्या तीन वर्षांबद्दल मला चांगलं बोलवत नाही.

कमिटीने ठरवलं की दर रविवारी जाहिरातींच्या वेळी देणगीदारांची नावं रकमेसह वाचायची. अमुक साहेब ५१ हजार. अमुक बाई ११ हजार. शेवटी शेवटी ५०० वाले. माझ्या सासूबाई आरोग्य केंद्रातून आया म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांनी २०० रुपये दिले होते आणि ते वाचलेच नाहीत, कारण वाचायची यादी ५०० पासून. 'विधवेच्या दोन दमड्या' (गरीब विधवेचं छोटं दान येशूने सगळ्यांपेक्षा मोठं ठरवलं ती गोष्ट) यावर त्याच महिन्यात उपदेश झाला होता बरं का.

मग बाकांवर नावं. मग संगमरवरी पाटी, तिच्यावर एक लाखाच्या वरचे. एका कुटुंबाने पाटीवर यायचं म्हणून मुलीचे दागिने सोनाराकडे ठेवले. आता पाटी आहे आणि दागिने अजून सोनाराकडेच आहेत.

याउलट कापणीच्या सणाचा लिलाव मला मनापासून आवडतो. त्यात स्पर्धा असते पण बोचत नाही. आमच्याकडे एका वर्षी एक तांबडा कोंबडा आला होता. पाय बांधून पुलपिटाखाली ठेवलेला, उपदेश चालू असताना मध्येच आरवायचा. लिलावात तो बाराशेला गेला. घेणाऱ्याने तिथेच परत अर्पण केला. पुन्हा बोली, पंधराशे. पुन्हा अर्पण. असं करत शेवटी तरुण संघाच्या पोरांनी काँट्री काढून घेतला आणि संध्याकाळी त्याचा रस्सा केला. भोपळा, शेवग्याच्या शेंगा, ज्वारीची पायली, लोणच्याची बरणी, सगळ्याला मान होता. ज्याच्याकडे पैसे नव्हते त्याचं वाणही टेबलावर दिमाखात होतं. इमारतीसाठी पैसे जमवा, पण जमवताना माणसं उणी करू नका एवढंच म्हणणं आहे.

नगरी_मिरची

+१. आणि तो रस्सा मी खाल्लेला असण्याची दाट शक्यता आहे.

कॅलिफोर्नियाचा_कोल्हापुरी

इकडचं उदाहरण देतो, आमच्या घरापासून फार लांब नाही. गार्डन ग्रोव्हचं क्रिस्टल कॅथेड्रल. दहा हजारांहून जास्त काचांची इमारत, १९८० मध्ये उघडली, टीव्हीवरून जगभर प्रसिद्ध. पुढे देणग्या आटल्या, कर्ज डोक्यावर होतंच. ऑक्टोबर २०१० मध्ये चर्चने दिवाळखोरीचा अर्ज केला. घेणेकऱ्यांची यादी निघाली तेव्हा तिच्यात नाताळच्या भव्य कार्यक्रमाला माल आणि जनावरं पुरवणारे छोटे व्यावसायिकही होते. शेवटी ती इमारत ऑरेंजच्या कॅथलिक धर्मप्रांताने ५ कोटी ७५ लाख डॉलरना घेतली आणि २०१९ पासून ती त्यांचं ख्राइस्ट कॅथेड्रल म्हणून वापरात आहे.

इथे पद्धत साधारण अशी असते : आधी तीन वर्षांची वचनं लेखी घ्यायची, ती किती येतात त्यावर इमारतीचा आकार ठरवायचा, मग मधली तफावत संप्रदायाच्या स्वतःच्या कर्जनिधीतून किंवा बँकेतून भरायची. आपल्याकडे आधी नकाशा, मग भूमिपूजनाला बिशपसाहेब, मग पैशांचा विचार.

जुनेपुराणे

वरचं वाचून मुंबईच्या सेंट थॉमस कॅथेड्रलची आठवण झाली. ज्याच्या वाटेवरच्या दरवाजावरून 'चर्चगेट' हे नाव पडलं तेच. ईस्ट इंडिया कंपनीचा मुंबईचा गव्हर्नर ऑन्जिअर याच्या काळात, सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात, वर्गणी जमवून काम सुरू झालं. भिंती पुरुष-दोन पुरुष उंच झाल्या आणि थांबल्या. तशाच जवळपास चाळीस वर्षं उभ्या. जमलेल्या पैशांचं काय झालं? हॅमिल्टन नावाच्या त्या काळच्या प्रवाशाने सरळ लिहून ठेवलंय की पुढचा गव्हर्नर सर जॉन चाइल्डने ते गिळले. खरंखोटं तो जाणे, पण बोभाटा तेव्हाही होताच.

मग १७१४ मध्ये रिचर्ड कॉब नावाचा पाळक आला. त्याने त्या उघड्या भिंतींचा विषय घेऊन उपदेश ठोकला, वर्गणीची वही उघडली, कंपनीच्या दुसऱ्या वखारींना पत्रं धाडली. कंपनीनेही १० हजार रुपये दिले. १७१८ च्या नाताळला चर्च उघडलं. चाळीस वर्षं जे अडलं होतं ते चारेक वर्षांत झालं, कारण वही सगळ्यांसमोर होती आणि मागे लागणारा माणूस एक होता.

दुसरं, वचनांबद्दल. पंडिता रमाबाईंचं नाव या चर्चेत येणारच, की त्यांनी सगळं प्रार्थनेवर उभारलं. मुक्ती मिशनच्या काळात त्या जॉर्ज म्युलरच्या (माणसांकडे न मागता, प्रार्थनेच्या भरवशावर इंग्लंडात अनाथाश्रम चालवणाऱ्या) वाटेने गेल्या हे खरंच. पण त्याआधीचं शारदा सदन, विधवांसाठीची १८८९ ची शाळा, कशावर उभं राहिलं? बोस्टनला स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनवर. अमेरिकाभर 'रमाबाई सर्कल्स' होती आणि सभासद वर्षाला एक डॉलर, असं दहा वर्षांचं वचन देत. छोट्या रकमेची, मोठ्या मुदतीची, लेखी वचनं. कर्ज नव्हे, आणि नुसती प्रार्थनाही नव्हे.

आपल्या मंडळ्यांना हे जड जातं याला इतिहास आहे. चर्च, शाळा, बंगला, सगळं अमेरिकन मिशनने बांधून दिलेलं. बोस्टनहून अमेरिकन मिशनचा चिटणीस रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये इकडे आला होता, तो तेव्हापासून सांगत होता की स्थानिक मंडळी स्वावलंबी व्हायला हवी. पाळकाचा पगार देण्यापर्यंत आपण पोचलो. इमारत स्वतः बांधायची वेळ बऱ्याच मंडळ्यांवर आत्ता पहिल्यांदाच येतेय.

ऐझॉलहून_परत

नोकरीच्या निमित्ताने मिझोराममध्ये राहिलोय. तिथल्या बायका रोज स्वयंपाकाला तांदूळ घेताना एक मूठ चर्चसाठी बाजूला काढतात, बुहफाइ थाम म्हणतात त्याला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुरू झालेली प्रथा अजून जोरात आहे आणि तिच्यातून चर्चचा केवढातरी खर्च निघतो. आपल्याकडेही 'मुठीचं धान्य' होतंच की. आमची आजी डब्यात ज्वारी टाकायची. गॅस आला, फ्लॅट आला, डबा गेला.

संवेदी

वसईकडून सांगतो. आमच्याकडे धर्मग्रामाच्या (कॅथलिक पॅरिशच्या) मालमत्तेचा कारभार फादरांना एकट्याला करता येत नाही. कॅनन लॉच्या (कॅथलिक चर्चच्या कायद्याच्या) ५३७ व्या नियमाप्रमाणे प्रत्येक धर्मग्रामाला अर्थसमिती असावीच लागते. मोठ्या खर्चाला बिशपांची परवानगी. म्हणून सगळं गोड चालतं असं नाही, भांडणं आमचीही होतात आणि कडक होतात, पण भांडायला आकडे तरी हातात असतात.

लेव्हलट्यूब

मी स्थापत्य अभियंता, ख्रिस्ती नाही, पण दोन देवळं आणि एका चर्चचं काम केलंय. मूळ पोस्टमध्ये एक वाक्य आहे त्यावर कोणी बोललंच नाही : भिंती दगडी आहेत. त्यांना काही झालंय असं कुठे म्हटलेलं नाही. मग पाडताय कशाला?

कैच्या काढा, वर भिंतभर आरसीसी पट्टा ओतून घ्या, लोखंडी कैच्या चढवा. कौलं पुन्हा वापरता येतील, फुटतील तेवढी बदला. जागा कमी पडते तर एका बाजूच्या भिंतीत कमानी काढून लांबीभर पडवी जोडा. दगडी भिंतीला भोकं पाडायची तर तज्ज्ञ हवा, मुकादमाच्या भरवशावर नको. आकडा जागेवर न जाता सांगणं चुकीचं, पण ९५ लाखांच्या निम्म्यात हे बसायला हरकत नाही. शिवाय टप्पे पाडता येतात. पहिल्या वर्षी छत, पडवी पुढे. छतासाठी तुमच्याकडे पैसे आजच आहेत.

मीच_तो_थॉमस

म्हणजे पुन्हा जुन्यातच बसा. तरुणांना साउंड, प्रोजेक्टर, संडे स्कूलला खोल्या, स्वच्छतागृह हवंय. दगडी भिंतींच्या प्रेमात पन्नाशीच्या पुढचेच असतात.

लेव्हलट्यूब

मी चौतीसचा आहे :) स्वच्छतागृह आणि दोन खोल्या मागच्या मोकळ्या जागेत वेगळ्या बांधा. त्याला चर्च पाडावं लागत नाही.

नर्सबाई_दुबईवाल्या

आमच्या मंडळीची बरीच मुलं परदेशात आहेत. त्यांच्याकडून मागितले तर? माझा भाऊ ऑस्ट्रेलियात आहे, तो आणि त्याचे मित्र द्यायला तयार आहेत.

हिशेबनीस

ताई, तुमचा पासपोर्ट भारतीय असेल तर तुम्ही दुबईहून स्वतःच्या कमाईतले बँकेमार्फत पाठवलेले पैसे परकीय देणगी धरले जात नाहीत. भावाने ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व घेतलं असेल तर मात्र ती परकीय देणगी, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं) कार्ड असलं तरी. मग एफसीआरए (परकीय देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी हवी आणि पैसे दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या ठरावीक खात्यातच यायला हवेत. नोंदणी असलेल्या दुसऱ्या संस्थेने घेऊन तुम्हाला द्यायचे, तेही २०२० पासून बंद. 'आईच्या खात्यात पाठवतो, ती चर्चला देईल' ही युक्ती अजिबात नको. सणाच्या दिवशी पासपोर्टची झेरॉक्स मागायला लाज वाटते, पण मागा.

आणि ८०जी ची (देणगीदाराला प्राप्तिकरात सवलत देणारी) पावती देऊ असं कोणी सभासदांना सांगत असेल तर थांबवा. एका विशिष्ट धर्मसमाजासाठी असलेल्या संस्थेला ती सवलत नसते. केंद्राने खास अधिसूचित केलेल्या प्रसिद्ध वास्तूंच्या जीर्णोद्धाराची गोष्ट वेगळी, तुमचं चर्च त्यात नसणार.

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार. धाग्यातले काही प्रतिसाद छापून काल कमिटीच्या बैठकीत नेले (कोंबड्याचा सोडून). जे झालं ते सांगतो.

बँकेचा प्रस्ताव मागे घेतला. जागेच्या कागदांसाठी धर्मप्रांताच्या कार्यालयाला पत्र जाणार आहे, ते काम कर्ज असो-नसो करायलाच हवं होतं. संरचना तपासायला बाहेरचा इंजिनिअर बोलवायचा, त्याची फी इमारत निधीतून. त्याचा अहवाल येईपर्यंत पाडकाम नाही. यावर बरीच वादावादी झाली. सेक्रेटरी साहेबांचा नव्या इमारतीवर जीव आहे आणि नकाशा फ्रेम करून झालाय. ते सभेत विरोधात बोलणार आहेत आणि त्यांच्या बाजूने तरुण संघ उभा राहील असा माझा अंदाज आहे. निकाल काय लागेल सांगता येत नाही.

वचनपत्रं घ्यायचं मात्र एकमताने ठरलं. ३६ महिन्यांची, बंद पाकिटात, रक्कम फक्त खजिनदार आणि दोन मोजणीदारांना माहीत. मोजणीदारांतली एक महिला मंडळाची. नावं वाचायची नाहीत. पैसे किंवा श्रम, दोन्हींचा रकाना ठेवायचा, कारण आमच्यात गवंडी आणि सुतारच वीसेक आहेत आणि त्यांची आठवड्यातली एक दिवसाची मजुरी कुणाच्याही चेकपेक्षा कमी नाही. वचनांच्या तीन चतुर्थांशच येतील असं धरून काम काढायचं.

हातउसन्यांचा मुद्दा पूर्ण सुटला नाही. तीन निवृत्त शिक्षक म्हणतात, आम्हाला द्यायचेच आहेत, व्याज नको, परत मिळाले तर ठीक. त्यांना काय सांगू?

कलमबहाद्दर

त्यांना सांगा, परत नको असतील तर देणगी म्हणून द्या आणि पावतीवर 'इमारत निधीसाठी' असं स्पष्ट लिहून घ्या. परत हवे असतील तर आयुक्तांची परवानगी येईपर्यंत स्वतःच्या नावावर मुदत ठेवीत ठेवा, व्याज खुशाल चर्चला द्या. 'परत मिळाले तर ठीक' असा तिसरा प्रकार कागदावर लिहिता येत नाही, आणि उद्या वारसांना तो मान्य होईल याची खात्री तुम्ही देऊ शकत नाही.

मोगरा७७

श्रमाच्या रकान्यात 'स्वयंपाक'ही घाला. काम चालू असताना मजुरांना दुपारचं जेवण महिला मंडळ देऊ शकतं. आमच्याकडे तेवढ्यानेच कामगार टिकले.

निवृत्त_पाळक

वचनपत्राचा मराठी मसुदा माझ्याकडे आहे, आमच्या जुन्या मंडळीत वापरलेला. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. त्यात एक ओळ जरूर ठेवा : नोकरी गेली, आजारपण आलं तर वचन कमी करता येईल, कारण विचारलं जाणार नाही. ती ओळ घातल्यावर आमच्याकडे जास्त घरांनी सही केली होती.